फेंडर कस्टम शॉपची स्ट्रॅट, चार वर्षं वाजवून झाल्यावर

चार वर्षांपूर्वी मी फेंडर कंपनीच्या कस्टम शॉपमध्ये, म्हणजे तिच्या खास गिटारींच्या विभागात, झालेली एक स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) ही इलेक्ट्रिक गिटार घेतली. १९६० चं स्पेक, टीम-बिल्ट, जर्नीमन रेलिक (हे शब्द पुढे उलगडून सांगतो), रंग सोनिक ब्लू, सेकंडहँड, ३२०० डॉलरला. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की एका गिटारीत एवढे पैसे घालावेत का, आणि घालायचेच झाले तर अजून तेवढेच घालून सरळ मास्टरबिल्ट का घेऊ नये. व्हॉट्सॲपवर तुकड्या तुकड्याने उत्तरं देऊन झाली, आता एकदाच बसून सगळं लिहितो. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, कारण त्याचा या रिव्ह्यूशी संबंध आहे. मी मूळचा मिरजेचा. सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं, आणि आजोबांचा तंबोरा जवारीला न्यायचं काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे. तिथे तासन् तास बसलोय. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला, तो साफ करणारा माणूस वेगळा, दांडी घासणारा वेगळा, नक्षीकाम करणारा आणखी वेगळा, आणि शेवटी घोडीवर हलकेच कानस फिरवून, तार छेडून, ऐकून, परत कानस फिरवून जवारी काढणारे ते घरातले जाणते चाचा. तंबोरा कुणी केला असं विचारलं तर नाव सांगायचे ते दुकानाचं. हे चित्र डोक्यात पक्कं बसलेलं आहे आणि गेली अकरा वर्षं मी राहतो दक्षिण कॅलिफोर्नियात, ऑरेंज काउंटीत, म्हणजे कंपनी काढणाऱ्या लिओ फेंडरचं फुलर्टन इथून वीस मिनिटं आणि कस्टम शॉप ज्या कोरोना गावात आहे ते ९१ नंबरच्या फ्रीवेवर ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास. ट्रॅफिक नसेल तर.

तर टीम-बिल्ट आणि मास्टरबिल्ट म्हणजे काय ते. दोन्ही कोरोनालाच, एकाच कस्टम शॉपमध्ये होतात. टीम-बिल्टमध्ये नेक (गिटारीची दांडी) घासणारे, रंग मारणारे, जुनं दिसेल असं झिजवणारे, शेवटी जोडून सेटअप करणारे असे आपापल्या कामातले तरबेज लोक असतात आणि गिटार त्यांच्या हातातून पुढे पुढे जाते. मास्टरबिल्टमध्ये मोजक्या मास्टर बिल्डर्सपैकी एक जण तुमची ऑर्डर स्वतःकडे घेतो, लाकूड तो निवडतो, नेकचा आकार तो काढतो, जोडणी तो करतो, आणि हेडस्टॉकच्या (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाच्या) मागे त्याच्या नावाची सही येते. किमतीत फरक मोठा. नवीन टीम-बिल्ट साधारण पाच हजार डॉलरच्या आसपास, मास्टरबिल्ट आठ हजारांपासून वर कुठेही, आणि नाव मोठं असेल तर थांबायचं ते दोन-दोन, तीन-तीन वर्षं.

आता गंमत अशी आहे की ज्या जुन्या गिटारींची ही सगळी आराधना चाललेली असते त्या गिटारी जेव्हा झाल्या तेव्हा मास्टर बिल्डर ही पोस्टच नव्हती. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, १९३८ मध्ये फुलर्टनला त्याने रेडिओ सर्व्हिसचं दुकान टाकलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण एखादी वस्तू खराब झाली की ती चटकन उघडता यावी, भाग बदलता यावा आणि परत चालू व्हावी हे त्याला बरोबर कळायचं, म्हणूनच त्याच्या गिटारीचा नेक सरेसाने न चिकटवता सरळ चार स्क्रूंनी बसवलेला. १९५० ची ब्रॉडकास्टर, मग ग्रेच कंपनीचे ब्रॉडकास्टर नावाचे ड्रम्स आधीच बाजारात होते म्हणून १९५१ मध्ये डेकलवरचं, म्हणजे हेडस्टॉकवर चिकटवायच्या स्टिकरवरचं, नाव कात्रीने कापून नुसतं 'फेंडर' एवढंच ठेवून गिटारी बाहेर पडल्या, ज्यांना आज लोक नोकास्टर म्हणतात, आणि मग टेलिकास्टर हे नाव आलं. १९५४ ला स्ट्रॅटोकास्टर. हे सगळं फॅक्टरीतलं काम होतं. नेक घासणारा टाडेओ गोमेझ, तो नेकच्या टोकाला पेन्सिलीने टीजी अशी अक्षरं लिहायचा. आज एखाद्या जुन्या फेंडरच्या नेकवर टीजी सापडलं की लोक हरखून जातात. १९५६ मध्ये अबिगेल यबारा नावाची एक तरुण मुलगी कामाला लागली, पुढे ती पिकअप्सची, म्हणजे तारांचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणाऱ्या चुंबकी गुंडाळ्यांची, वाइंडिंग करायला लागली आणि २०१३ पर्यंत तिथेच होती. सत्तावन्न वर्षं. तांब्याची केसासारखी बारीक तार मॅग्नेटच्या भोवती हजारो वेळा गुंडाळायची आणि हाताने ताण सांभाळायचा, मशीनसारखी एकसारखी ओळीत न बसता ती तार जरा इकडेतिकडे पसरते आणि त्या पसरण्याचा आवाजात फरक पडतो. त्या वेळी कोणालाच माहीत नव्हतं की पुढे तिला 'क्वीन ऑफ टोन' म्हणतील.

म्हणजे १९५० च्या दशकातली ती जगप्रसिद्ध फेंडर म्हणजे चक्क टीम-बिल्टच होती. हे मला फुलर्टन म्युझियम सेंटरमध्ये लिओ फेंडरची गॅलरी बघताना पहिल्यांदा लख्ख जाणवलं आणि माझी स्ट्रॅट घेताना माझा निर्णय बराचसा तिथेच झाला.

मग मास्टर बिल्डर आले कुठून? १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. पुढे हेडस्टॉक मोठा झाला, १९७१ पासून स्ट्रॅटच्या नेकचे चार स्क्रू जाऊन तीन आले, गिटारी जड होत गेल्या, आणि वाजवणारे लोक पॉन शॉपमधून (गहाणाच्या दुकानांतून) सीबीएसच्या आधीच्या गिटारी शोधायला लागले. त्यातली सगळ्यात भारी गोष्ट एरिक क्लॅप्टनची. १९७० मध्ये त्याने नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅट उचलल्या, तीन जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवूडला दिल्या आणि उरलेल्या तिन्हींचे चांगले चांगले भाग काढून एक गिटार बनवली, ती ब्लॅकी. २००४ ला लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. तीन गिटारींचा मिळून केलेला संसार आहे तो! लिओच्या त्या चार स्क्रूंचीच ही करामत.

१९८२ मध्ये कंपनीने स्वतःच १९५७ आणि १९६२ च्या स्ट्रॅटची रीइश्यू, म्हणजे तशीच नवी आवृत्ती, काढली. १९८५ ला बिल शुल्ट्झ आणि कंपनीतल्याच लोकांनी मिळून सीबीएसकडून फेंडर १ कोटी २५ लाखांना परत घेतली, पण त्या सौद्यात फुलर्टनची फॅक्टरी नव्हती, त्यामुळे सुरुवातीला माल जपानमधून यायचा आणि मग कोरोनाला नवीन फॅक्टरी उभी राहिली. १९८७ ला तिथेच कस्टम शॉप सुरू झालं तेव्हा माणसं दोन. जॉन पेज, जो कंपनीत आधीपासून होता, आणि मायकेल स्टीव्हन्स, टेक्सासचा गिटार मेकर. कल्पना अशी की कलाकारांसाठी मोजक्या, हव्या तशा गिटारी करायच्या. पहिली ऑर्डर आली 'द कार्स' बँडच्या एलियट ईस्टनची, डावखुरी टेलिकास्टर थिनलाइन, फोम ग्रीन रंगात. पण ऑर्डरी एवढ्या येत गेल्या की दोघांचं काम राहिलं नाही. १९८८ मध्ये टेलिकास्टरच्या चाळीस वर्षांच्या निमित्ताने ३०० गिटारींची सिरीज काढली, त्याच वर्षी क्लॅप्टनचं सिग्नेचर मॉडेल आलं (त्याचा प्रोटोटाइप जॉर्ज ब्लांडाने केला होता) आणि मग एकेक कारागीर येत गेले. जे. डब्ल्यू. ब्लॅक, फ्रेड स्टुअर्ट, मार्क केंड्रिक, जॉन इंग्लिश, लॅरी ब्रूक्स, आर्चटॉपवाला स्टीफन स्टर्न. जॉन सूर, ज्याच्या नावाच्या गिटारी आज आपल्याकडचे कितीतरी सेशन प्लेअर वाजवतात, तोही १९९५ ते ९७ इथेच होता आणि मग त्याने स्वतःचं काम सुरू केलं.

यातला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो युरी शिश्कोव्ह. बेलारूसच्या गोमेल गावचा. सोव्हिएत काळात चांगली गिटार मिळणंच शक्य नव्हतं म्हणून हा घराखालच्या बटाटे-भाज्या साठवायच्या तळघरात लपून गिटारी बनवायचा, हत्यारंसुद्धा स्वतःच केलेली. १९९० ला अमेरिकेत आला, शिकागोला वॉशबर्नमध्ये काम केलं आणि २००० ला फेंडरमध्ये मास्टर बिल्डर. त्याच्या इनलेच्या गिटारींचे फोटो बघा एकदा, बारीक जडावाचं काम असं की मिरजेचे नक्षीवालेसुद्धा थांबून बघतील. अशा माणसाची सही मागे असेल तर तिची किंमत असणारच, याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आणि रेलिक. याच्यावर लोकांची सगळ्यात जास्त भांडणं होतात. नवीन गिटार घेऊन तिला मुद्दाम ओरबाडायचं, रंग उडवायचा, स्क्रू गंजवायचे, आणि त्याचे जास्त पैसे घ्यायचे, हे काय? माझे वडील पण हेच म्हणाले. किस्सा असा सांगतात की रोलिंग स्टोन्सच्या टूरसाठी जे. डब्ल्यू. ब्लॅकने गिटारी केल्या तेव्हा कीथ रिचर्ड्सला त्या फार कोऱ्या करकरीत वाटल्या, जरा वापरल्यासारख्या करून आणा म्हणाला. दुसरीकडे मिझुरीमध्ये विन्स क्युनेटो नावाचा माणूस स्वतःच्या हौसेने गिटारी जुन्या करायचे प्रयोग करत होता. दोघांची ओळख होतीच. १९९५ च्या जानेवारीत नॅम शोमध्ये (वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात) काचेच्या कपाटात दोन गिटारी ठेवल्या, एक नोकास्टर आणि एक मेरी के स्ट्रॅट, आणि लोकांना वाटलं कंपनीने म्युझियममधल्या खऱ्या जुन्या गिटारी आणून ठेवल्यात. 'किती बनवून देऊ?' असं कंपनीवाल्यांनीच विचारल्यावर लोकांचे डोळे उघडले. त्यानंतर १९९९ पर्यंत कोरोनाहून बॉडी आणि नेक मिझुरीला जायचे, तिथे क्युनेटोकडे रंग आणि झीज व्हायची, परत कोरोनाला येऊन गिटार जोडली जायची. आज त्या काळातल्या रेलिकना 'क्युनेटो' म्हणूनच वेगळा भाव आहे. गिब्सनने नॅशव्हिलला टॉम मर्फीच्या हाताखाली हेच पुढे नेलं, पण तो वेगळा विषय, गिब्सनची लेस पॉल वाजवणाऱ्यांनी लिहावं.

रेलिकबद्दल माझं मत वाजवून बदललं. दिसण्यासाठी घ्या असं मी कोणाला सांगणार नाही. पण नेकच्या मागचं लॅकर घासून काढलेलं असतं आणि फ्रेटबोर्डच्या (नेकवरच्या, बोटं ठेवायच्या पट्टीच्या) कडा गोल केलेल्या असतात, त्याने अंगठा आणि तळहात पहिल्या दिवसापासून घरी आल्यासारखे बसतात. हे नवीन चकचकीत नेकवर कितीही पैसे दिले तरी मिळत नाही, त्याला वीस वर्षं वाजवावं लागतं. जर्नीमन म्हणजे झीज हलकी, एखादी नीट सांभाळलेली जुनी गिटार दिसेल तशी. हेवी रेलिकमध्ये अर्धी बॉडी उघडी पडलेली असते, ती मला नको होती.

आता माझ्या गिटारीकडे. वजन ३.४ किलो, बॉडी ऑल्डर, पट्टा लावून दोन तास उभं राहिलं तरी खांदा दुखत नाही. रंगाची गंमत सांगतो, हे सोनिक ब्लू, फिएस्टा रेड वगैरे सगळे रंग मूळचे मोटारींचे. ड्युपाँट कंपनीचे ऑटोमोबाइल रंग फेंडरवाले वापरायचे, सोनिक ब्लू कॅडिलॅकचा, फिएस्टा रेड थंडरबर्डचा, आणि गिऱ्हाइकाने असा रंग मागितला तर ५ टक्के जास्त घ्यायचे.  माझ्या गिटारीवर नायट्रो लॅकर आहे, अगदी पातळ, आणि कोपराखाली खरोखरच माझ्या हाताने आता थोडं झिजायला लागलंय. एक सावध राहा, नायट्रोला रबर चालत नाही. मी पहिल्या महिन्यात साध्या स्टँडवर ठेवली होती, रबराच्या नळीने बॉडीच्या खालच्या कडेला दोन डाग पडले ते कायमचे. सुती कापड गुंडाळून ठेवा किंवा सरळ केसमध्ये.

फ्रेटबोर्ड रोझवूडचा, स्लॅब म्हणतात तसा जाड. १९५९ च्या मध्यापासून १९६२ पर्यंत फेंडरने असा खालून सपाट जाड तुकडा लावला, नंतर खालून वळवलेला पातळ. तेव्हा ते लाकूड ब्राझिलचं असायचं, त्याच्या व्यापारावर १९९२ पासून जवळजवळ बंदीच आहे. माझ्या गिटारीवर इंडियन रोझवूड आहे, म्हणजे आपला शिसव! आजोबांच्या खोलीतलं ते काळपट तांबूस कपाट आणि ही फ्रेटबोर्ड एकाच जातीच्या झाडाची, हे मी पहिल्यांदा तेल लावताना ओळखलं, रेषा तशाच. २०१७ ला रोझवूडच्या सगळ्याच जातींवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते तेव्हा अशी गिटार दुसऱ्या देशात विकायची-पाठवायची म्हणजे कागदपत्रांचा व्याप, २०१९ च्या शेवटी वाद्यांना सूट मिळाली आणि सगळं सोपं झालं.

नेकचा आकार ओव्हल सी, ना बारीक ना जाड. फ्रेटबोर्डच्या गोलाईची रेडियस साडेनऊ इंच (आकडा मोठा तितकी पट्टी सपाट), अस्सल १९६० ची सव्वासात इंच असते आणि तिच्यावर वरच्या फ्रेट्सवर मोठा बेंड घेतला, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवला, की तार घुसमटते. जुन्याचं कौतुक मलाही आहे पण हा बदल केला ते उत्तमच केलं, मी मींड घेतल्यासारखे दीड-दोन सुरांचे बेंड घेतो, त्याला साडेनऊच हवं. फ्रेट्सच्या टोकांना हात लावून बघा, कुठेही टोचत नाही, चार वर्षांनंतर, कोरड्या सांता ॲना वाऱ्यांच्या दोन-तीन सीझननंतरही. इथेच स्वस्त आणि महाग गिटारीतला फरक असतो, आवाजात नंतर.

आवाज. नेक पिकअप म्हणजे काय सांगू, क्लीन ॲम्पवर थोडा रिव्हर्ब टाकून एकच सूर वाजवा आणि थांबा, सुरवातीला टक्क असा काचेसारखा आणि मग गोल होत जातो. ब्रिज (घोडीकडचा) पिकअप बऱ्याच स्ट्रॅटमध्ये कानाला टोचतो, याच्यात टोन कंट्रोल ब्रिजलाही जोडलेला आहे त्यामुळे सातवर आणला की टेलीसारखा (टेलिकास्टरसारखा) भरदार होतो. पिकअप निवडायच्या स्विचच्या मधल्या पोझिशन्सना, म्हणजे दोन आणि चार नंबरला, घरघर गायब होते कारण मधला पिकअप उलटा वाइंड केलेला आहे. अस्सल १९६० च्या गिटारीत तीनच पोझिशन्सचा स्विच असायचा, लोक तो मध्येच अडकवून हा आवाज काढायचे, फॅक्टरीतून पाच पोझिशन्सचा स्विच १९७७ ला आला. एकेकटा पिकअप वाजवताना मात्र हम (ती घरघर) आहे, ट्यूबलाइटखाली तर चांगलाच आहे. सिंगल कॉइल आहे, ते राहणारच.

न पटलेली गोष्ट एकच आणि ती महत्त्वाची. ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) जुन्या पद्धतीचा, फिरवायचा तो नेकच्या बुडाशी. म्हणजे नेक किंचित वाकला तर सरळ करायला तारा सैल करून नेक काढावा लागतो किंवा निदान उचलावा लागतो. इथे कॅलिफोर्नियात वर्षातून एकदा लागतं, ठीक आहे. पण मी एका जुलैमध्ये ही गिटार घेऊन सांगलीला आलो होतो, पावसाच्या दमट हवेत चार दिवसांत ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) एवढी वर गेली की नेक दोनदा काढावा लागला. तुम्ही मुंबई, कोकण, गोवा अशा ठिकाणी राहत असाल आणि स्वतः स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची तयारी नसेल तर हेडस्टॉककडून फिरवता येणारा ट्रस रॉड असलेलं मॉडेलच बघा, आवाजात काही कमी पडत नाही. सेकंडहँड घेताना अजून एक. मी ज्या ऑनलाइन दुकानातून घेतली (नाव नको) त्यांनी लिस्टिंगमध्ये सर्टिफिकेटसह असं लिहिलं होतं. खोका आला, केस आली, पट्टा आला, सर्टिफिकेट नाही. पाच ईमेल, दोन फोन, 'शोधतो' एवढंच उत्तर. शेवटी १५० डॉलर परत दिले. कागदाने आवाज बदलत नाही हे खरं, पण पुढे विकताना त्या कागदाचे चारशे-पाचशे डॉलर सहज जातात, तेव्हा पैसे देण्याआधी सर्टिफिकेटचा फोटो मागा, त्यावरचा सिरीयल नंबर आणि नेकप्लेटवरचा नंबर जुळवा.

आता मास्टरबिल्ट. माझा एक मित्र आहे, डोंबिवलीचा, सॅन डिएगोला राहतो, माझ्यापेक्षा खूपच चांगला वाजवतो. त्याने अडीच वर्षं थांबून मास्टरबिल्ट टेली घेतली, ब्लॅकगार्ड, म्हणजे काळ्या पिकगार्डची, १९५१ च्या स्पेकची. त्याच्याकडे एक जुना नेक होता, तुटलेला, पण हातात इतका बसलेला की त्याला तसाच हवा होता, पहिल्या फ्रेटला किती जाडी, बाराव्याला किती, खांदे किती उतरते, सगळं मोजून पाठवलं. गिटार आल्यावर ती त्याने एक आठवडा माझ्याकडे ठेवली आणि मी रोज संध्याकाळी दोन्ही आलटून पालटून वाजवल्या.

फरक आहे. नाही म्हणणार नाही. नेक हातात धरला की कळतं हा कोणा एकासाठी केलाय, माझ्या हाताला तो जरा जाडच वाटला, पण मित्राच्या हातात गेला की त्याची बोटं वेगळीच चालतात. झीजसुद्धा खरी वाटते, म्हणजे जिथे मनगट घासतं तिथेच रंग उतरलाय, जिथे घासण्याचं कारण नाही तिथे नाही. प्रत्येक सूर एकसारखा भरलेला, कुठल्याच फ्रेटवर मुका सूर नाही. माझ्या स्ट्रॅटवर तिसऱ्या तारेच्या बाराव्या फ्रेटला सूर किंचित लवकर विझतो, आणि तो मला आता माहीत आहे. पण दुप्पट पैसे दुप्पट आवाजासाठी नाहीत. ते त्या मोजमापांच्या कागदासाठी आहेत. तुम्हाला काय हवंय हे तुम्ही त्या कारागिराला नेमकं सांगू शकत असाल, तर जरूर थांबा आणि घ्या, तो माणूस ते करून देईल. मला विचाराल तर माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढं नेमकं काही नव्हतं आणि आजही नाही, मला १९६० सारखी चांगली स्ट्रॅट हवी होती, आणि ती तेव्हाही अनेकांच्या हातून झाली आणि आत्ताही तशीच झाली. बजेट तीन-साडेतीन हजार असेल तर सेकंडहँड टीम-बिल्ट, डोळे झाकून. त्याहून कमी असेल तर अमेरिकन व्हिंटेज सिरीज बघा, तीही कोरोनालाच होते. नुसत्या सहीसाठी मास्टरबिल्ट घेऊ नका, त्या सहीमागच्या माणसाशी बोलायला काही असेल तर घ्या.

त्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी मित्र टेली न्यायला आला. ब्रिज पिकअप जरा खाली घ्यायचा होता म्हणून आम्ही जेवण झाल्यावर डायनिंग टेबलावर जुनी सोलापुरी चादर पसरली आणि ब्रिज उघडला, पिकअप उलटा केला. खाली पेनाने सही होती, होसेफिना. होसेफिना कॅम्पोस, अबिगेल यबाराच्या हाताखाली शिकलेली आणि ती निवृत्त झाल्यावर तिच्या जागी बसलेली. मित्राला ऑर्डर देताना हे माहीत होतं, पिकअप कोणाचे ते त्यात लिहिलेलंच असतं, पण अक्षर डोळ्यांनी पहिल्यांदाच बघितलं. हेडस्टॉकवर एक नाव, पोटात दुसरं, आणि तिला शिकवणारी १९५६ पासूनची. मित्र बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, अरे तुझी पण उघडून बघू. माझी उघडली. पिकगार्डखाली कोणाची सही नव्हती, नेकच्या बुडाशी फक्त तारखेचा शिक्का. त्यानंतर आम्ही दोन्ही बंद केल्या, ०१० जाडीच्या नव्या तारा चढवल्या आणि खालचे शेजारी झोपेपर्यंत वाजवत बसलो.